पिरॅमिडपाशी पुढच्या सीटवर

जळगावात जिल्हा पेठेतल्या कोणालाही विचारा, लीलाधर भारंबे म्हणजे भाऊ, आणि भाऊ म्हणजे लुनाच्या मागच्या सीटवरचे. पुढच्या सीटवर त्यांच्या पत्नी कुंदाबाई. बाई मुलींच्या शाळेत गणित शिकवायच्या आणि लुनासुद्धा गणिताच्या तासाला शोभेल अशाच चेहऱ्याने चालवायच्या. मागे भाऊ, एका हातात भाजीची पिशवी, दुसऱ्या हातात छत्री, आणि चेहऱ्यावर असा भाव की आपण कोणाची तरी वाट बघत सहज इथे टेकलो आहोत. रस्त्यात कोणी हाक मारली की हात मोकळे नसल्यामुळे त्यांना नुसती मान हलवावी लागे. प्रतिष्ठित दुकानदाराला नुसती मान हलवावी लागणं किती जिव्हारी लागतं, हे ज्यांचे हात मोकळे असतात त्यांना कळायचं नाही.

तसं भाऊंना काहीच चालवता येत नव्हतं असं नाही. सायकल ते उत्तम चालवत. घरून दुकानात, दुकानातून बँकेत, बँकेतून पुन्हा दुकानात, सगळा संसार त्यांनी सायकलवर ओढला होता. सायकलला ब्रेक होते, पण भाऊंचा खरा भरवसा घंटीवर. समोर म्हैस आली, घंटी. हातगाडी आली, घंटी. उजव्या अंगठ्याला तिची अशी सवय लागली होती की पायी चालताना कोणी आडवं आलं तरी भाऊंचा अंगठा आपोआप हलायचा.

मोटारीच्या जातीच्या वाहनाला मात्र त्यांनी एकदाच हात लावला होता. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला ते धुळ्याला सासरी गेले असताना मेव्हण्याची, म्हणजे मोतीलालची, कोरी स्कूटर त्यांनी चालवून बघितली. स्कूटर आग्रा रोडवरच्या एका भांड्यांच्या दुकानात शिरली. मोतीलाल ही हकीकत दर लग्नात आणि दर बारशाला सांगायचा, आणि दर वेळी त्यात आणखी काही भांडी पडायची. परवाच्या साखरपुड्यात तर त्यात एक तांब्याचा बंबही आला होता. भाऊ हसण्यावारी न्यायचे, पण जेवण जायचं नाही.

अशात ही सहल आली. भाऊंचं खत-बियाण्यांचं दुकान होतं. त्या वर्षी केळीवर फवारायच्या एका टॉनिकचा खप यावल-सावद्याकडून इतका झाला की कंपनीने जिल्ह्यातल्या निवडक दुकानदारांना सपत्नीक इजिप्तला न्यायचं ठरवलं. खुशीत येऊन भाऊंनी सहलीचं पत्रक उलगडलं. पिरॅमिड, नदी, संग्रहालय हे सगळं त्यांनी सभ्यपणे वाचलं. शेवटच्या दिवसापाशी मात्र त्यांचं बोट थांबलं. 'पिरॅमिडमागच्या वाळवंटात क्वाड बाइकवरून छोटी सफर, मार्गदर्शकासह. एका गाडीवर दोघं.' शेजारी चित्र होतं. चार जाडजूड चाकांची एक फटफटी, तिच्यावर पुढे गॉगल लावलेला पुरुष आणि मागे त्याला धरून बसलेली बाई.

पुरुष पुढे. बाई मागे. भाऊंनी चित्र खिडकीशी नेऊन पुन्हा बघितलं.

रात्री जेवताना ते म्हणाले, "ही गाडी मी चालवणार. तू मागे बसायचं."

"वांग्याची भाजी वाढू का अजून?" कुंदाबाई म्हणाल्या. अवघड प्रश्न आला की त्या भाजी वाढायच्या.

"एकदा, कुंदा. जन्मात एकदाच. मी पुढे आणि तू मागे."

कुंदाबाईंनी त्यांच्याकडे बघितलं. हे खत-बियाण्यांचं बोलणं नाही, एवढं त्यांना कळलं. त्या म्हणाल्या, "बसेन. पण आधी शिका."

दुसऱ्या दिवशी ही बातमी गल्लीभर झाली, कारण भाऊंनी ती फक्त शेजारच्या झुलाल नानांना सांगितली होती. नाना एसटीतून ड्रायव्हर म्हणून निवृत्त झाले होते आणि रस्ता सोडून बाकी सगळ्या गोष्टींवर अजूनही गाडी चालवत होते. त्यांनी चित्र दूर धरून बघितलं.

"चार चाकं शेतस म्हंजे पडाना प्रश्न नही," ते म्हणाले. "पन वाळवंट म्हंजे रेती. रेतीमा बिरेक दाबशी तं गाडी रुती जाई. आडवं कोनी उनं तं घंटी वाजाड. तो सरकी जाई."

सराव कशावर करायचा हा प्रश्न होता. कुंदाबाई लुना द्यायला तयार होत्या, पण स्वतः शेजारी उभं राहून शिकवीन म्हणाल्या, आणि गणिताच्या बाईंकडून गाडी शिकण्याइतकी भाऊंची तयारी नव्हती. शेवटी नानांनीच तोडगा काढला. गिरणेच्या कोरड्या पात्रात वाळू भरपूर आहे. वाहन कुठलंही असो, वाळूचा स्वभाव तोच. तेव्हा सराव सायकलवरच करावा.

तेव्हापासून रोज सकाळी गिरणेच्या पात्रात भाऊ सायकल हाणायचे आणि नाना काठावर बसून सूचना द्यायचे. सायकल रुतायची, भाऊ उतरायचे, उपसायचे, पुन्हा चढायचे. पात्रात म्हशी असत. म्हैस दिसली की नाना ओरडत, "बिरेक नही! घंटी!" आणि भाऊ घंटी वाजवत. म्हशी सरकत नसत, पण भाऊंचा हात मात्र चांगलाच बसला. गिरणाकाठच्या लोकांना वाटलं, भारंबे भाऊंनी काही नवस बोललाय. एका म्हातारीने तर त्यांना वाटेत थांबवून प्रसाद कधी आहे म्हणून विचारलं.

मग पत्रकातल्या बारीक अक्षरांनी घोळ घातला. 'गाडी चालवणाऱ्याने वाहन परवाना सोबत ठेवावा.' भाऊ लायसन्सच्या कचेरीत गेले. तिथल्या कारकुनाने विचारलं, "कुठल्या गाडीचं?"

"चारचाकी मोटरसायकलचं."

"मोटरसायकलला दोन चाकं असतात."

"हिला चार आहेत."

"मग ती मोटरकार झाली. दारं किती?"

"दारं नाहीत."

कारकून विचारात पडला. माणूस कायद्याने चालणारा होता आणि कायद्याने चालणाऱ्या माणसाला दारं नसलेली मोटरकार सहन होत नाही. "गाडी घेऊन या, बघून सांगतो," तो म्हणाला.

"गाडी इजिप्तला आहे."

"मग इथे कशाला आलात?" हा प्रश्न अगदी रास्त असल्यामुळे भाऊंनी खिशातलं पत्रक काढून पुढे सरकवलं. अखेर बिनगिअरच्या दुचाकीचं शिकाऊ लायसन्स मिळालं. त्यावरच्या फोटोत भाऊ घाबरलेले दिसत होते, पण लायसन्स खरं होतं. त्यांनी ते प्लॅस्टिकमध्ये घालून छातीशी ठेवलं.

पासपोर्टच्या चौकशीला हवालदार आला तेव्हा भाऊ दुकानात होते. त्याने झुलाल नानांनाच विचारलं, माणूस कसा आहे? नाना म्हणाले, "मानूस सोनाना शे. फकत गाडी चालाडता येत नही." हवालदाराने हेही कागदावर उतरवलं की काय, या शंकेने पासपोर्ट हातात पडेपर्यंत भाऊंचा जीव थाऱ्यावर नव्हता.

निघायच्या आदल्या दिवशी धुळ्याहून मोतीलाल आला. त्याने आपला कॅमेरा आणला होता, आणि भांड्यांच्या दुकानाची हकीकतही. गल्लीतली मंडळी ओट्यावर जमली. हकीकत संपली (या वेळी दुकानाचा मालकही एका पातेल्यात बसला होता), तेव्हा मोतीलाल म्हणाला, "दाजी, तुम्ही गाडी चालाडशात? फोटो दखाडा, मंग मानसू. आनी ती गोष्ट परत कधी सांगाव नही. बठ्ठासमोर, या सगळी गल्लीसमोर सांगस."

भाऊंनी कॅमेरा घेतला. एक फोटो. पुढे आपण, मागे कुंदा, पाठीशी पिरॅमिड. एवढा एक कागद हातात आला की आग्रा रोडवरची ती सगळी भांडी कायमची फळीवर चढणार होती. कोणी विचारलं असतं तर इजिप्तला कशासाठी जाताय याचं उत्तर त्यांनी हेच दिलं असतं.

झुलाल नानांच्या पत्नी भागाबाईंनी निघताना चार लिंबं दिली. "भाऊ, नवी गाडी, परका मुलूख. चारी चाकांखाली ठेवजो, मंगच पुढे व्हजो." आपल्याकडे नवी बैलगाडीसुद्धा असं केल्याशिवाय अंगणाबाहेर काढत नाहीत, हे भाऊंना पटलं. लिंबं त्यांनी मोज्यांत गुंडाळून बॅगेत घातली.

सहलीचे पहिले दिवस भाऊंनी कसेबसे काढले. ममी बघताना शेजारी पहूरचे छगनशेठ होते. तेही खतवालेच. ते म्हणाले, "भाऊ, इतकी हजार वर्षं टिकलाय गडी." भाऊ म्हणाले, "हो ना. शेठ, फोटो चांगला काढता ना तुम्ही?"

शेवटी तो दिवस उजाडला. पिरॅमिडच्या मागे तांबूस वाळू पसरली होती आणि चारचाकी फटफट्या रांगेत उभ्या होत्या. मार्गदर्शक महमूद हसतमुख होता. भाऊंनी पुढे केलेलं शिकाऊ लायसन्स त्याने उलटं धरून आदराने वाचलं आणि परत दिलं. भाऊ धन्य झाले. मग त्यांनी मोजे सोडून लिंबं काढली आणि एकेका चाकापुढे ठेवत गेले. महमूदला वाटलं, भेट आहे. त्याने एक उचललं, हुंगलं, छातीला हात लावून आभार मानले आणि खिशात टाकलं. चौथं चाक तसंच राहिलं. पुढे जे झालं त्याचं खापर भागाबाईंनी नंतर याच चौथ्या चाकावर फोडलं.

महमूदने उजव्या मुठीजवळची एक पट्टी दाखवली. अंगठ्याने दाबली की गाडी पुढे, सोडली की थांबेल. इतकंच. त्याने अंगठा दाखवून ते दोनदा समजावलं. भाऊंनी मान डोलावली. डोक्याला ते सगळं नीट कळलं होतं. अंगठ्याला कोणी विचारलं नव्हतं.

कुंदाबाईंनी पदर खोचला आणि मागे एका बाजूने बसल्या. भाऊंच्या खांद्यावर त्यांचा हात पडला. इतक्या वर्षांच्या संसारात हा हात भाऊंनी पाठीमागून कधी अनुभवला नव्हता. त्यांचा ऊर भरून आला. छगनशेठ कॅमेरा घेऊन समोर उभे होते. "भाऊ, हसा!"

भाऊ हसले आणि गाडी हलली. सुरुवात झकास झाली. पुढे महमूद, मागे भाऊ, त्यांच्यामागे बाकीचे दुकानदार, अशी रांग सावकाश निघाली. तेवढ्यात फोटो साधायला छगनशेठ आडवे आले.

समोर माणूस आला की भाऊ काय करतात हे आपण जाणतोच. त्यांनी घंटी वाजवली. गाडीने एकदम उसळी घेतली. छगनशेठ कॅमेऱ्यासकट बाजूला उडाले. आपण घंटी दाबली आणि गाडी पळाली, याचा मेळ भाऊंना लागेना. तोवर समोर महमूदची पाठ आली. घंटी! महमूद मागे पडला. एक कुत्रं आलं. घंटी! कुत्रं पिरॅमिडच्या दिशेने गेलं. मग उंटांची एक रांग आडवी चालली होती, वर टोप्या घातलेले गोरे पाहुणे बसलेले. झुलाल नानांचा आवाज भाऊंच्या कानात घुमला, बिरेक नही, घंटी! भाऊंनी जीव खाऊन घंटी दाबली. गिरणेतल्या म्हशी कधी सरकल्या नाहीत, पण उंट सरकले. दोन इकडे गेले, तीन तिकडे गेले, आणि मधून भारंबे दांपत्य गेलं. मागून महमूद ओरडत येत होता. ते सगळं अरबीत असल्यामुळे भाऊंना ते उत्तेजन वाटलं.

मागे कुंदाबाई हिशेब मांडत होत्या. गणिताच्या बाई होत्या त्या. समोर काही आलं की गाडी पळते आणि मोकळं मैदान आलं की मंदावते, हे त्यांनी दोन-चारदा बघितलं, भाऊंच्या उजव्या हाताकडे नजर टाकली आणि उत्तर काढलं.

"अहो! अंगठा काढा!" त्या कानाशी ओरडल्या. "ती सायकल नाही! घंटी नाही ती!"

भाऊंनी अंगठा काढला. गाडी एका वाळूच्या उंचवट्यावर चढली आणि माथ्यावर जाऊन थांबली. सगळं शांत झालं. समोर तिन्ही पिरॅमिड एका रांगेत उभे होते, आणि आसपास आडवं यायला कोणीही नव्हतं. भाऊंची टोपी कुठे गेली होती कोण जाणे. कान लाल झाले होते. झालं, त्यांना वाटलं. आता ही उतरेल, पदर झटकेल आणि म्हणेल, सरका मागे.

कुंदाबाई उतरल्या नाहीत. खांद्यावरचा हातही त्यांनी काढला नाही. भाऊंना पाठीमागे काहीतरी हलल्यासारखं वाटलं. बाई हसत होत्या. शाळेत, घरात, लुनावर, कुठेही ज्या कधी अशा हसल्या नव्हत्या, त्या डोळ्यांना पाणी येईपर्यंत हसत होत्या.

"अहो," त्या म्हणाल्या, "आता मोकळंच आहे सगळं. वाजवा ना घंटी."

भाऊंनी वाजवली. महमूद तिथवर पोचेपर्यंत त्यांनी उंचवट्याला तीन गोल चकरा मारल्या, आणि भाऊ इतके सुखात होते की फोटोची त्यांना आठवणही झाली नाही.

आठवण झाली ती जळगावला रोल धुऊन आल्यावर. ओट्यावर सगळे जमले होते. इजिप्तचा खजूर फिरत होता. धुळ्याहून मोतीलाल खास आला होता. भाऊंनी पाकीट उघडलं. ममीचा फोटो होता. नदीचा होता. छगनशेठच्या स्वतःच्या अंगठ्याचा एक होता. आणि वाळवंटातला होता, तो असा: मागे पिरॅमिड, मध्ये धुळीचा मोठा लोट, आणि खाली कोपऱ्यात चपटं झालेलं एक लिंबू.

मोतीलालने फोटो उजेडात धरला. "दाजी, पिरॅमिड चांगला शे. धूळ बी चांगली शे. पन तुम्ही कोठे शेतस?"

"त्या धुळीत," भाऊ म्हणाले. बोलताना त्यांनाच ते फिकं वाटलं. गल्ली हसली. झुलाल नानांनी घसा साफ केला. भागाबाई म्हणाल्या, लिंबू तर चिरडलंय, म्हणजे गाडी चालली खरी. मोतीलाल म्हणाला, "गाडी चालनी, मान्य शे. पन चालाडी कोनी?" आणि त्याने मांडी ठीक केली. भांड्यांच्या दुकानाची हकीकत सांगताना तो मांडी अशीच ठीक करायचा. भाऊंनी मान खाली घातली.

मग मोतीलालच म्हणाला, "अक्का, तू कधी खोटं बोलत नही. तू सांग."

कुंदाबाई चहाचा ट्रे घेऊन दारात उभ्या होत्या. त्यांनी ट्रे खाली ठेवला.

"गाडी यांनी चालवली," त्या म्हणाल्या. "सगळ्यांच्या पुढे होते. मार्गदर्शकसुद्धा मागे पडला. उंटांनी रस्ता दिला." यातलं अक्षरही खोटं नव्हतं. गणित जसंच्या तसं मांडलं होतं, फक्त अंगठ्याची पायरी गाळली होती.

"आनी तू कोठे व्हतीस?"

"मी मागे बसले होते."

 बाई मागे बसल्या होत्या, आणि बाईच सांगत होत्या. मोतीलालने मांडी सोडली, खजूर तोंडात टाकला आणि विषय केळीच्या भावाकडे वळवला. भाऊंना एकदम भूक लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊ बाजाराला जायला बाहेर आले तेव्हा लुना दारात उभी होती. कुंदाबाई आधीच येऊन बसल्या होत्या. मागच्या सीटवर. एका हातात भाजीची पिशवी, दुसऱ्या हातात छत्री. ओट्यावर मोतीलाल दात घासत उभा होता, त्याचा ब्रश तोंडातच राहिला.

"चला ना," बाई म्हणाल्या. "बाजार करून शाळा गाठायचीय, उशीर होतो."

भाऊंनी खिशातलं शिकाऊ लायसन्स चाचपून बघितलं आणि पुढे बसले. लुना निघाली, सायकलच्याच वेगाने, पण निघाली. चौकात केळीची हातगाडी आडवी आली. भाऊंचा उजवा अंगठा खाली गेला, पण तिथे दाबायला काहीच नव्हतं. मागून कुंदाबाईंनीच आवाज दिला, "सरका हो जरा! आमचे हे येताहेत!"

हातगाडी सरकली. दुकानांतून, ओट्यांवरून ओळखीच्या लोकांनी हाका मारल्या, भाऊ, भाऊ! दोन्ही हात हँडलवर असल्यामुळे भाऊंना नुसती मान हलवावी लागली.